पाच आणि तीन किती

गोधडीच्या आत उकडतं. फोनचा उजेड तोंडावर.

प्लास्टिकचा घसा सीताफळासारखा दोन फाकांत उघडतो.

लातूरच्या चौकात मोठा फलक. पास झालेल्या पोरापोरींचे चेहरे, सगळ्यांचं हसू एकाच मापाचं.

एनिमिदी.

भोंग्याच्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत.

पोपटी रंगाचा प्लायवूडचा डबा, एका कोपऱ्यात रंग ओघळलेला.

(हाव.)

शिक्षण आणि तंत्रज्ञान परिषदेच्या मांडवात शिक्षिका राजकन्या शिरली तेव्हा कुणीतरी बाई बोलत होती. मांडवात दोन्ही हातांना टेबलं लागलेली. टेबलांवर पडदे, तारा, डोळ्यांना लावायचे जाड चष्मे, आपोआप हलणारी यंत्रं, आणि टेबलांमागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले मास्तर आणि मास्तरणी, आपापल्या शाळेचं नाव सांगताना थोडे पुढे वाकणारे. एवढ्या गलक्यात त्या बाईचा आवाज वेगळा कानावर येत होता. स्वच्छ, भरलेला, जोर न लावता लांब जाणारा. राजकन्याला वाटलं, किती छान आवाज आहे, कुठल्या शाळेच्या असतील या बाई. आणि लगेच, उजव्या पायात डावी चप्पल गेल्यावर पावलाला जसं कळतं तसं, तिला कळलं की तो आवाज तिचा आहे. तिचा म्हणजे पूर्वीचा. आणि तो जे बोलत होता ते ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "मुलांनो," तो आवाज म्हणाला, "आज आपण लातूरला आलो आहोत. येताना उदगीरला चहा घेतला." ती उदगीरवरून आलीच नव्हती. काल ती नांदेडला होती, आज सकाळच्या गाडीनं लोहा, अहमदपूर करत इथं उतरली होती, आणि चहा तर डॉक्टरनी बंद केला होता.

"मॅडम, इकडं. तुमचीच वाट बघून राहिलो."

टेबलामागून व्यंकटीनं हात केला. व्यंकटी तिच्याच शाळेतला दुसरा शिक्षक. शाळाच दोन शिक्षकांची, देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या शिवेला लागलेल्या गावात. तो मूळचा रेणापूरचा, अजून बिनलग्नाचा, बोलायला पुढे, आणि रविवारी शाळा उघडून बंद पडलेला टीव्ही खोलून बसणारा. त्याच्यापुढे पोपटी रंगाचा डबा होता. डब्याला समोर जाळी, वर एक मोठं लाल बटण.

"वळखलं का कोन बोलून राहिलं?"

(हाव, वळखलं.)

"बोला की. दचकल्या का काय?"

तिनं गळ्याला हात लावला, मग तोंडावर बोट ठेवलं.

"घसा अजून बसलेलाच का? बरं बरं. नका बोलू. आता हा बोलंल." त्यानं डब्यावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. "तुम्ही लॉकडाऊनमधी पोरायला पाठवलेल्या रेकॉर्डिंगा शाळेच्या जुन्या फोनमधी सापडल्या. त्या सगळ्या ह्याला खाऊ घातल्या. आता आपण नवीन काही बी लिहिलं तर तुमच्या आवाजात बोलतो. नेट नको, लाईट गेली तरी चालतो. मी म्हनलं, मॅडमला लातूरलाच दाखवू. रागावल्या का? आधी विचारायला पाहिजे होतं, ते खरं हाय."

(रागावले नाही. काय झालंय ते मला सांगता येत नाही. तोंड उघडता आलं असतं तरी सांगता आलं नसतं.)

तिचं सगळं बोलणं आता असं होतं, आतल्या आत. काल नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात, दामिनी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा घसा दोन फाकांत उघडून दाखवला होता. किती नीट उघडला, राजकन्याला त्याचंच कौतुक वाटलं. असा एखादा वर्गात हवा, पोरं दिवसभर उघडझाप करतील. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला शांत, पेनाच्या टोकानं दाखवत गेल्या. "या दोन पट्ट्या. बोलताना एकमेकींना भेटतात. भेटतात त्याच जागेवर तुमच्या गाठ झाली आहे. शिक्षकांना होते. बुधवारी काढू. जिवाला काही नाही. पण आवाज आधीसारखा येईल असं मी सांगणार नाही. येईल, किंवा घोगरा राहील. दिवसभर वर्गात बोलणं, खरं विचाराल तर मी नकोच म्हणेन. आणि बुधवारपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो." शेजारी बसलेला तिचा नवरा बालाजी म्हणाला, "आन् घरी भांडायचं असंल तर?" डॉक्टरीणबाई हसल्या. जिन्यावर मात्र बालाजीनं तिचा हात धरला. भर दिवसा, लोकांत, पहिल्यांदा. "मी बोलतो दोघायचं," तो म्हणाला. "तसंबी तू मला कवा बोलू दिलं." मग त्याचा स्वतःचाच आवाज फाटला आणि तो खाली रिक्षा बघायला गेला. रिक्षा समोरच उभी होती.

आणि महादेवप्पा. महादेवप्पा सर तिच्या केंद्राचे प्रमुख, उदगीरकडचे, निवृत्तीला टेकलेले, सगळ्या शाळांची दुखणीखुपणी पाठ असलेले. बालाजीनं त्यांच्या कानावर घातलं असणार. रात्रीच त्यांचा फोन आला, आणि बोलायचं नसल्यामुळे तिनं नुसता ऐकला. देगलूरला पंचायत समितीत टेबलाचं काम आहे, शाळांची माहिती संगणकात भरायची, बोलायचं काम नाही, तुमच्यासाठीच म्हणून धरून ठेवलंय, पण सोमवारी नाव कळवावं लागेल, मी पण उद्या लातूरला आहे, तिथंच हो का नाही ते सांगा. भला माणूस. तिचं भलंच बघत होता. गाडीत लोह्यापासून इथपर्यंत ती त्याच एका गोष्टीवर बसून आली होती: हो म्हटलं की वर्ग सुटला. व्यंकटीला तिनं यातलं काहीच कळवलं नव्हतं. आणि आता हा डबा. त्यातून तिचा आवाज, गाठ नसलेला, न थकणारा, पुढच्या वाक्याला केव्हाही तयार. म्हणजे जाणं आणखीच सोपं. आवाज शाळेत राहील, ती टेबलावर जाईल. दोघांची वाटणी झाली. असं वाटलं आणि तिनं मांडवाच्या खांबाला हात लावला. खांबाला कागदी फुलं चिकटवलेली होती. त्यातलं एक तिच्या तळहाताला आलं.

"चला, तुम्हाला बाकीचं दाखवतो. आपला नंबर जेवल्यावर हाय," व्यंकटी म्हणाला, आणि ती त्याच्यामागून निघाली.

खरं तर तिला वाटलं होतं की इथं सगळी कोट घातलेली माणसं असतील आणि आपल्याला काही समजणार नाही. कोटवाले होते, पण ते व्यासपीठावर होते. मांडवात सगळी तिच्यासारखीच माणसं. माहूरच्या डोंगरातल्या एका शाळेच्या बाई होत्या. त्यांच्या वाडीला रेंज नाही. मग त्या धडे पेन ड्राइव्हमध्ये भरतात आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या खिशात घालतात. ड्रायव्हर पुढच्या वाडीत उतरवतो, तिथलं पोर मागची पेन ड्राइव्ह परत देतं. "देवीला चाललेल्या बायकांमधी माझे धडे बसून जातात, तिकीट न काढता," त्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. एका सरांनी जुन्या मोटारसायकलचे दिवे लावून पृथ्वी केली होती. ती फिरली की पोरांच्या हातानं लिहिलेली गावं उजेडात यायची, अंधारात जायची. आपलं गाव अंधारात गेलं की पोरं झोपायचं सोंग घेतात म्हणे. एकानं आंधळ्या मुलीसाठी पाढ्यांची माळ केली होती, मण्यांची. राजकन्या प्रत्येक टेबलापुढे थांबली. प्रत्येकाला तिला काहीतरी म्हणायचं होतं. (किती डोकं लावलंत हो. केव्हा करता हे सगळं. घरचं कोण बघतं.) म्हणता येत नव्हतं म्हणून ती हात जोडत होती. मग तिच्या लक्षात आलं की ती बोलत नसल्यामुळे लोक जास्त सांगतायत. पेन ड्राइव्हच्या बाई तर ड्रायव्हरचं नाव, त्याच्या मुलीचं शिक्षण, घाटातलं धुकं, सगळं सांगत सुटल्या. गप्प माणसापुढे माणूस उघडतो. हे तिला एवढ्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं काय? होतं. कुठेतरी होतं. कुठं होतं ते मात्र चटकन हाताला लागेना.

गोधडीत होतं.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, ती देगलूरला घरी, पोरं गावात. गावात फोन मोजके, तेही बापांच्या खिशात, बाप शेतात. मग सरपंचानं युक्ती काढली की मॅडमनी धडा बोलून पाठवायचा आणि मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून तो लावायचा. घरात सासऱ्यांचा खोकला, बाहेर कुत्री, म्हणून ती पलंगावर गोधडी डोक्यावरून घेऊन आत बसायची आणि फोनमध्ये बोलायची. आत उकडायचं. आईच्या जुन्या लुगड्यांचा वास यायचा. घाम डोळ्यांत उतरायचा, आणि त्या अंधारात पोरं दिसायची, एकेक, आपापल्या जागेवर बसलेली. "पाच आणि तीन किती?" ती विचारायची. आणि थांबायची. कुणासाठी? समोर तर कुणी नव्हतं. पण शेवटच्या रांगेतली साक्षी तिला दिसायची, ओठ आत घेऊन बोटं चाचपणारी. साक्षीची बोटं वर यायला सगळ्यांत उशीर लागायचा. वर्गात ती तिच्यासाठी थांबायची, तशीच गोधडीत थांबायची. श्वास धरून. मग, साक्षीची बोटं वर आली असं मनात दिसलं की म्हणायची, "आठ. शाब्बास."

बोटांची रीत तिनंच घातलेली. त्या गावात घरोघरी भाषा वेगळी. कुणाच्या चुलीपुढे तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी, आणि सगळ्यांची थोडी थोडी सगळ्यांत. पहिल्या वर्षी तिनं पाच आणि तीन किती विचारलं तर वर्गातून एकाच वेळी आठ, एनिमिदी आणि एंटु आलं, आणि तिला वाटलं पोरांचं गणित कच्चं आहे. तिनं त्यांना पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग एका पोरीनं वैतागून दोन्ही हात वर केले आणि आठ बोटं तिच्या नाकासमोर धरली. त्या दिवसापासून नियम झाला. आधी बोटं, मग तोंड. प्रश्न आला की पहिल्यांदा बोटं वर, सगळ्यांची, गुपचूप; सगळ्यांची दिसली की मग ज्याला जे म्हणायचं ते त्यानं आपल्या घरच्या शब्दात म्हणावं.

एकदा ती शाळेतल्या मुलांचा तांदूळ वाटायला गावात गेली. बालाजीनं मोटारसायकल वेशीबाहेर लावली आणि ती पायी आत निघाली, तोंडाला रुमाल बांधून. आणि देवळावरून तिला तिचाच आवाज ऐकू आला. ती मागच्या भिंतीला थांबली. पुढे गेली तर पोरं बघतील आणि मोडेल, म्हणून. भोंग्याच्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या, त्यामुळे आवाज थोडा शिट्टी घालत होता. पण गावभर जात होता. पोरं आपापल्या ओट्यावर बसलेली, एकमेकांपासून लांब. आयाबाया चुलीपुढून, गोठ्यातून ऐकत होत्या. पाच आणि तीन किती?

(                    )

ओट्याओट्यावर बोटं वर गेली. कुणी सांगणारं नव्हतं, बघणारं नव्हतं. तिला साक्षी दिसली, गल्लीच्या टोकाच्या ओट्यावर, हळूहळू एकेक बोट उघडणारी. गावात एवढी शांतता राजकन्यानं कधी ऐकली नव्हती. भाकरी तव्यावरून उतरवल्याचा आवाज आला असता. मग पोरं आपापल्या भाषेत ओरडली. आणि सगळ्यांच्या मागून, साक्षीच्या समोरच्या ओट्यावरून, म्हातारा, चिरका, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा एक आवाज: "एनिमिदी." लक्ष्मम्मा. केव्हाची तेलंगणातून लग्न होऊन आलेली, आता एकटी, ओट्यावर तुरी निवडत बसणारी म्हातारी. शाळेचं तोंड न पाहिलेली. पोरं हसली. कुणीतरी आतून म्हणालं, "आली बगा हिची एस्टी." रोज असंच होतं, बायांनी सांगितलं. सगळ्यांचं झालं की, समोर साक्षीच्या ओट्याकडे बघून, म्हातारी ओरडते. उशिरा ओरडते, पण चुकत नाही. "अवं, चुकलीच तर तिला काय छडी मारताय का," एक बाई म्हणाली. राजकन्यानं लक्ष्मम्माला वाकून विचारलं, आजी, रोज ऐकता का हो? म्हातारीनं तिच्या रुमाल बांधलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि पदरातल्या मूठभर तुरी तिच्या हातावर ठेवल्या. व्यंकटी त्या शाळेत आला तेव्हा तो ओटा रिकामा झाला होता.

परिषदेच्या जेवणात पुलावातला वाटाणा कच्चा होता. गिळताना घशात लागला आणि गाठ आहे तिथं कळलं. समोर महादेवप्पा सर येऊन बसले, ताटात दोन गुलाबजाम घेऊन. एक त्यांनी न विचारता तिच्या ताटात सरकवला. "मऊ हाय, जातंय खाली." मग आवाज उतरवून: "मॅडम, मी काय तुमच्या मागं लागत नाही. पण आमच्या केंद्रात तुमच्यासारखा वर्ग मी दुसरा बघितला नाही, म्हणून सांगतो. घसा गेला तर पुन्हा येत नाही. टेबलाला बसा. व्यंकटी हाय, डबा हाय. तुमचाच आवाज हाय म्हनल्यावर पोरायला काय कळणार हाय?"

(तेच तर. पोरांना काय कळणार आहे.)

तिनं मान हलवली. होकार की नकार ते तिला स्वतःलाच कळलं नाही, आणि त्यांनी ते चांगल्या अर्थानं घेतलं.

जेवल्यावर शेजारच्या सभागृहात त्यांचा नंबर लागला. व्यासपीठावर गार हवा होती, आणि खाली अंधारात रांगाच रांगा, लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी, सगळीकडचे शिक्षक, काहींचे डोळे पुलावानं जड झालेले. तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं. व्यंकटी उभा राहिला. छान बोलला. घाबरलेला होता, पण त्याच्या घाबरण्यात लपवाछपवी नव्हती. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत तो म्हणाला की आमची शाळा दोघांची आहे, मी एक वर्ग घेतो तेव्हा दुसरा वर्ग गप्प बसतो, मला वाटलं मॅडम दोन असत्या तर बरं झालं असतं. खाली हशा. "दुसऱ्या मॅडम मी बनवल्या. ह्या खऱ्या, त्या डब्यातल्या. खऱ्या मॅडमचा घसा बसलाय, म्हणून आज डब्यातल्या बोलतील." त्यानं डब्यामागची कळ दाबली. आणि तिच्या आवाजानं सभागृह भरलं. गोधडी नाही, काड्या नाहीत, शिट्टी नाही. तिला आपल्याच आवाजाबद्दल, परक्या बाईबद्दल वाटावं तसं कौतुक वाटलं. ही बाई कुठेही उभी राहिली असती, रेडिओवर, सभेत. आवाज म्हणाला:

"पाच आणि तीन किती आठ शाब्बास सहा आणि दोन किती आठ शाब्बास चार आणि चार किती आठ शाब्बास."

टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या. व्यंकटीनं तिच्याकडे पाहिलं, पोरासारखं.

राजकन्या टाळ्या वाजवायच्या विसरली. कोणीतरी तिची साडी नेसून, तिच्यासारखीच चालत, तिच्या घरावरून पुढे निघून गेलं आणि घराकडे बघितलंही नाही, असं काहीतरी तिला झालं. साक्षी कुठं गेली? ते ओटे कुठं गेले? आवाज सगळा होता, काना न् मात्रा होती, आणि गाव नव्हतं. ते ज्या जागेत होतं ती जागा नव्हती. आणि तेव्हा तिला एक गोष्ट कळली. आधी कळली, शब्द नंतर आले. तिला वाटत होतं तिची गाठ आवाजावर आहे म्हणून वर्ग सुटणार. पण वर्ग आवाजात नव्हताच की. आवाज संपल्यावर सुरू व्हायचा.

ती उठली. कार्यक्रमात ते नव्हतं, सूत्रसंचालक बाई हातातल्या कागदाकडे बघायला लागल्या. तिनं व्यंकटीला हातानं खूण केली, पुन्हा लाव. त्यानं लावलं. ते लाल बटण कुठल्या तरी घराच्या बेलचं होतं; शाळेत कुणी आलं, फोन आला, तर डबा थांबवता यावा म्हणून त्यानं ते बसवलं होतं. दाबून धरलं की डबा थांबतो, सोडलं की पुढे निघतो. सगळं त्या पोरानं आधीच करून ठेवलं होतं. तिला फक्त अंगठा आणायचा होता.

"पाच आणि तीन किती"

(                    )

तिनं अंगठा दाबून धरला आणि दुसरा हात वर केला, बोटं मिटलेली. खाली काही हललं नाही. बिघडलं, कुणीतरी म्हणालं. व्यंकटीचा चेहरा उतरला, तो वायरकडे वाकला. तिनं मान हलवली. थांब. हात वरच. तिनं वर्गात बघते तसं पहिल्या रांगेकडे बघितलं, मग दुसऱ्या. माहूरच्या पेन ड्राइव्हच्या बाईंनी आधी हात वर केले, आठ बोटं. मग त्यांच्या शेजारच्यांनी. मग अंधारात मागे मागे, एखादं वारं तुरीच्या पिकातून जावं तशी बोटं उभी होत गेली. झोपलेले जागे झाले, काय चाललंय ते शेजारच्याच्या बोटांवरून समजून त्यांनी आपली उघडली. कोटवाल्यांतल्या एकानं इकडेतिकडे बघत हात वर केले. एवढं मोठं सभागृह, आणि पंख्याचा आवाज येत होता. सगळ्यांची बोटं दिसली. आता सोडायला हरकत नव्हती. तरी तिनं अंगठा उचलला नाही. ती आणखी थांबली. लोक चुळबुळायला लागले, काहींचे हात दुखून खाली आले. सूत्रसंचालक बाई एक पाऊल पुढे आल्या. राजकन्या एका म्हाताऱ्या, चिरक्या आवाजाची वाट बघत होती. तो येणार नाही हे माहीत असून, त्याला लागायचा तेवढा वेळ तिनं त्याला दिला. मग अंगठा उचलला.

"आठ. शाब्बास."

टाळ्या आता लगेच झाल्या नाहीत. थोड्या वेळानं झाल्या.

"मी ते कापलं, मॅडम," मागच्या जिन्यात व्यंकटी म्हणाला. डबा त्यानं छातीशी धरला होता. "रेकॉर्डिंगमधी जिथं जिथं काहीच न्हाई, तिथं मला वाटलं अडकून राहिलंय. एकेक करून काढलं. लई दिवस लागले मला ते काढायला."

(मग काय करणार होतास बाबा. तुला कुणी सांगितलं होतं? मलाच आज कळलं.) तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, त्यानं डब्यावर मारली होती तशी. मग गळ्याकडे बोट केलं, पेनाच्या टोकानं डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं दाखवलं, दोन पट्ट्या, मधली गाठ, आणि बुधवार. व्यंकटीला सगळं समजायला वेळ लागला. तिनं तो लागू दिला.

"आन् मी तिथं घसा बसलाय म्हनून हसवून राहिलो लोकायला," तो शेवटी म्हणाला.

महादेवप्पा सर जिन्याच्या तोंडाशी उभे होते, रुमालानं मान पुसत. "मॅडम, मला सोमवारी नाव द्यायचं हाय. तुम्हाला बोलायचं न्हाई, मला मान्य हाय. पन मला तरी कळू द्या. टेबलाला येणार असाल तर एक बोट. न्हाई तर दोन."

तिनं दोन बोटं वर केली.

"नीट बघून करा. आवाज आला न्हाई तर?"

दोन.

त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं, मग व्यंकटीच्या हातातल्या डब्याकडे, मग पुन्हा बोटांकडे. "दोन म्हणजे दोन," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर नाराजी यायला हवी होती ती आली नाही. "दुसरं नाव बघतो मग. आन् तुम्ही गुलाबजाम तसाच ठेवला ताटात. मी बघितलं."

परतीला व्यंकटीनं उदगीरवरची गाडी धरली. डबा तिच्या मांडीवर. ऊन उतरत होतं, रस्त्याकडेच्या रानात सोयाबीन पिवळं पडलेलं. व्यंकटी सगळा वेळ बोलत होता. आता रिकाम्या जागा परत कशा बसवायच्या, जुन्या रेकॉर्डिंगवरून मापं घ्यायची की बटणच ठेवायचं, आणि बटणच ठेवू, मॅडम, कारण दरवर्षी शेवटी बोटं वर करणारं पोर वेगळं असतं. ती ऐकत होती. उदगीरच्या स्टँडवर गाडी थांबली, तो खाली उतरून दोन चहा घेऊन आला आणि मग त्याला तिचा घसा आठवला. "अरे, तुमाला बंद असंल न्हाई का." तिनं तरी कागदी पेला घेतला. गाडी सुटून स्टँड मागे पडेपर्यंत तो दोन्ही हातांत धरून ठेवला, निवेपर्यंत, आणि मग व्यंकटीला प्यायला दिला.

देवळावर भोंगा बसला त्याच्या कितीतरी आधी लक्ष्मम्माचे दोन्ही कान गेले होते.